सूर्याला खटका नसतो

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात, मांजरा नदीपासून थोडं आत, एक गाव होतं. गावात लोक घरी मराठी बोलायचे, कचेरीत कन्नड लिहायचे आणि बाजारात दोन्ही मिसळून भाव करायचे. त्या गावच्या जुन्या गल्लीत एक आजी राहायची. घराच्या भिंती लाल जांभ्या दगडाच्या होत्या आणि वर शहाबादी फरशीचं छत होतं. गल्लीतली सगळी घरं एकमेकांना चिकटून होती. एका छतावरून दुसऱ्यावर जायला नुसता पाय उचलला की झालं.

घर सगळ्यांचं होतं, पण छत आजीचं होतं. उन्हाळ्यात तिथं कुरडया आणि सांडगे वाळायचे, मिरच्या पसरायच्या. तो मुलूख तुरीचा. सुगी झाली, शेंगा झोडून झाल्या की उरलेल्या तुराट्यांच्या पेंढ्या बांधून आजी छताच्या एका कडेला रचून ठेवायची. पावसाळ्यात चूल पेटवायला त्यांच्यासारखं जळण नाही. शेजाऱ्याच्या छतावर, हाताच्या अंतरावर, त्याच्या जनावरांचा कडबा रचलेला असायचा.

घर भरलेलं होतं. दोन लेक, दोन सुना, चार नातवंडं, दोन शिवणयंत्रं, एक फ्रीज आणि बोअरची मोटर. राज्याच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटांपर्यंत वीज फुकट होती. पण उन्हाळ्यात या घराचा आकडा 200 च्या पुढं जायचा, आणि पुढं गेला की सगळ्याच युनिटांचं बिल यायचं. बिल आलं की घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलायचं नाही.

थोरला नातू लातूरला शिकून आला होता. त्यानं आजीला सांगितलं, “आजी, फेब्रुवारी 2024 पासून केंद्राची सूर्यघर योजना निघालीय. छतावर तीन किलोवॅटच्या प्लेटा बसवल्या की 78,000 रुपये अनुदान खात्यात जमा होतंय. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा.”

आजीनं विचारलं, “आणि माझं वाळवण?”

“प्लेटा उंच घोडीवर बसतात आजी. खाली जागा मोकळीच राहते.”

आजीचं समाधान झालं.

आठ दिवसांनी शहरातून एक बसवणारा मुलगा आला. बोलायला गोड होता. तो म्हणाला, “अनुदानाच्या नादी लागलात तर अर्ज आला, नोंदणी असलेला ठेकेदार आला, वीज कंपनीची, जेस्कॉमची, तपासणी आली, मीटर बदलणं आलं. पाडवा जाईल, पाऊस येईल, तुमचं काही होणार नाही. मी अनुदानाएवढंच स्वस्तात देतो. कागद मागाहून बघू. परवा प्लेटा छतावर.”

नातवाला ‘परवा’ हा शब्द आवडला. त्यानं पैसे दिले.

परवा खरोखरच प्लेटा आल्या. सहा होत्या, काळ्याभोर, दारासारख्या मोठ्या. दोघा पोरांनी संध्याकाळपर्यंत घोडी उभी केली, प्लेटा कसल्या, तारा जोडल्या. तारा पाइपातून नेल्या नाहीत. लाल आणि काळी अशा दोन्ही तारा एकत्र गुंडाळून घोडीच्या पायाला बांधल्या आणि फरशीवरून तशाच ओढत जिन्यापर्यंत आणल्या. अर्थिंगसाठी अंगणात एक लोखंडी सळई ठोकली. नातवानं विचारलं, “एकच?” मुलगा म्हणाला, “चालतंय.”

गुढीपाडव्याला घरातला पंखा सूर्यावर फिरला. सगळी गल्ली बघून गेली. आजीनं प्लेटांना हळदकुंकू लावलं. मग तिनं वाकून खाली बघितलं. प्लेटांखाली सावली होती, आणि पाऊस आला तरी भिजणार नाही अशी जागा होती. दुसऱ्या दिवशी तिनं सुनांना हाताशी धरून तुराट्यांच्या सगळ्या पेंढ्या प्लेटांखाली सरकवल्या. जळण कोरडं राहील आणि छतही मोकळं राहील. तिला ते फार सोयीचं वाटलं.

थोड्या दिवसांनी गल्लीच्या तोंडाला खांबावर काम निघालं. लाइनमन आला. हुमनाबादकडचा, कन्नड बोलणारा, पण इतकी वर्षं या भागात काढलेला की मराठी त्याच्या तोंडात घरच्यासारखी बसली होती. खांबावरून त्याला काळ्या प्लेटा दिसल्या. काम संपल्यावर तो दारात आला.

“अज्जी, सोलर बसवलात. कागद झालाय काय?”

नातू म्हणाला, “होईल की. अर्ज टाकायचाय.”

आजीनं त्याला ताक दिलं. ताकाचा पेला घ्यायला त्यानं उजवा हात पुढं केला तेव्हा आजीला दिसलं, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ओढलेली, चकचकीत, वेगळ्या रंगाची होती.

“हे काय रं बाबा?”

“जुनं हाय अज्जी. लाइन बंद करून खांबावर चढलो होतो. परमिट घेतलेलं, सगळं बरोबर. पण खाली एका घरात लग्न होतं, त्यांनी जनरेटर लावून घरच्या तारेला जोडला. बंद लाइनमध्ये खालनं वीज आली.” त्यानं ताक संपवलं. “तुमचं चांगलं इन्व्हर्टर असंल तर लाइन गेली की ते आपोआप बंद पडतंय. तो नेमच हाय. पण तुमचं कसलं हाय ते मला कसं कळावं? मी वर चढतो तेव्हा कुठल्या घरात वीज तयार होतीया हे आमच्या हापिसात लिहिलेलं पाहिजे. कागद त्याच्यासाठी असतोय.”

नातू म्हणाला, “टाकतो अर्ज, काका.” लाइनमन सायकलवर बसून गेला. अर्ज राहिला.

पुढच्या महिन्याचं बिल आलं, ते कमी व्हायच्या ऐवजी जास्त आलं. नातू चक्रावला. जुना मीटर एकाच बाजूनं मोजणारा होता. दुपारी घरात उरलेली वीज बाहेर जायची, तीसुद्धा तो वापरलेल्या विजेतच धरत होता. बसवणाऱ्या मुलाला फोन लावला तर लागला नाही.

वैशाख तापला. तुराट्यांच्या थंड अंधारात उंदरांनी घर केलं. रात्री आजीला वर खुडबुड ऐकू यायची. ती म्हणायची, “मांजर आणायला पाहिजे.”

एका दुपारी घरातली माणसं जेवून आडवी झाली होती. सुनेला आधी वास आला, जळक्या रबराचा. मग आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, पण न थांबणारा. ती जिन्यावर गेली आणि ओरडली. प्लेटांखाली निळापांढरा उजेड नाचत होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं. आणि त्या उजेडाच्या भोवती तुराट्या पेटल्या होत्या.

नातू धावला. त्यानं मेन स्विच पाडला. घरातले पंखे थांबले. पण वरचा आवाज थांबला नाही. त्यानं इन्व्हर्टरजवळचा खटका पाडला. तरी आवाज थांबला नाही. तो नुसता बघत राहिला. सगळं बंद केलं होतं आणि तरी ते चालूच होतं.

धाकट्या लेकानं पाण्याची बादली उचलली. जिन्याच्या पायथ्याशी त्याला कुणीतरी मागून घट्ट धरलं.

“नीर ब्याड! पाणी नको!”

लाइनमन होता. दोन गल्ल्या पलीकडं काम करताना त्यानं धूर बघितला होता. त्यानं आधी बंबाला फोन करायला लावला. मग पोराबाळांना घराबाहेर काढलं. मग म्हणाला, “प्लेटेला, घोडीला, तारेला कुणी हात लावायचा नाही. तिकडं जायचंच नाही. शेजारचा कडबा ओढा, जेवढा निघंल तेवढा, त्यांच्या बाजूनं.”

माणसं शेजाऱ्याच्या छतावर चढली. कोरडी माती घमेल्यांनी वर गेली. कडबा खाली फेकला जाऊ लागला. निम्मा निघाला. निम्मा पेटला.

तालुक्याहून बंब आला. जवानांनी लाइनमनला विचारून घेतलं, मग भुकटीची नळकांडी मारली, लांबून आग दाबली आणि जाड काळी ताडपत्री प्लेटांवर ओढली. ऊन तुटलं तशी ती फुसफुस मंदावली, आणि मग थांबली. गल्लीत एकदम शांत झालं. फक्त शेजाऱ्याची म्हैस हंबरत होती.

माणूस कुणी गेलं नाही. दोन प्लेटा फुटल्या, चार काळवंडल्या. शहाबादी फरशीला आडवी चीर गेली. तुराट्यांची राख झाली आणि शेजाऱ्याचा निम्मा कडबा गेला.

संध्याकाळी लाइनमननं राखेतून तारेचा एक तुकडा काठीनं बाजूला काढून नातवाला दाखवला. लाल तार आणि काळी तार शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्हींचं वरचं आवरण उंदरानं कुरतडलेलं होतं.

नातवानं विचारलं, “काका, मी सगळे खटके पाडले होते. फ्यूजसुद्धा उडाला नाही. असं कसं?”

लाइनमन पायरीवर बसला. “घरात दोन तारा चिकटल्या की करंट एकदम वाढतोय, म्हणून फ्यूज उडतोय. प्लेटेत तो वाढत नाही. ऊन जेवढं देतंय तेवढाच येतोय. मग फ्यूजला कळायचं कसं? घरातली वीज उलटसुलट वाहती. सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येती, म्हणून तिची ठिणगी विझायला सवड मिळती. प्लेटेची वीज एकाच दिशेनं जाती, ती शून्यावर येतच नाही. सहा प्लेटा एकामागं एक जोडल्या की अडीचशे-तीनशे व्होल्ट. ठिणगी धरली की सोडत नाही.” त्यानं वर बघितलं. “आणि तू जे खटके पाडलास ते सगळे प्लेटेच्या खालचे. वर सूर्य होता. सूर्याला खटका नसतो.”

आजी उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे पेटवलं तुराट्यांनी. त्या मी ठेवल्या.”

नातू म्हणाला, “तारा उघड्या मी टाकू दिल्या, आजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं आपल्या शेतातल्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या मोजून शेजाऱ्याकडं पाठवल्या. शेजारी म्हणाला, “काकू, राहू द्या की.” आजी म्हणाली, “छत माझं होतं भाऊ, पण आग गल्लीची होती.”

सगळे वाचले म्हणून आजी झरणी नरसिंहाला नवस बोलली होती. नातू तिला घेऊन बिदरला गेला. डोंगराच्या पोटात, छातीएवढ्या पाण्यातून चालत दोघांनी दर्शन घेतलं. येताना आजीचे पाय दुखले म्हणून ती मदरशापुढच्या सावलीत टेकली. महमूद गवानचा तो मदरसा. बहमनी राज्याच्या वजिरानं 1472 साली बांधलेला, तीन मजली, निळ्या-हिरव्या फरश्यांनी मढवलेला. पण दर्शनी बाजूचा एकच मिनार उभा होता. दुसऱ्या अंगाला नुसतं मोकळं आभाळ होतं.

आजीनं विचारलं, “हे असं अर्धं का?”

नातवानं शाळेत वाचलं होतं ते सांगितलं. “दोनशे वर्षांवर धड होतं, आजी. मग औरंगजेबाच्या काळात, 1695-96 च्या सुमाराला, फौजेनं आतल्या खोल्यांत दारू भरून ठेवली. तिचा भडका उडाला आणि एवढं सगळं गेलं. कुणी म्हणतात वर वीज पडली.”

आजी बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “खोल्या पुस्तकांच्या होत्या. सोय बघून दारू ठेवली.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “मी पण सोयच बघितली की.”

घरी आल्यावर नातवानं अर्ज टाकला. बिलावरचा आरआर नंबर घातला, जोडलेला भार लिहिला, योजनेच्या यादीतला नोंदणी असलेला ठेकेदार निवडला. ज्या अर्जाला तो महिनोन् महिने भ्याला होता तो भरायला एक दुपार पुरली. 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आधीच्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीसाठी वेगळं ताटकळावं लागत नव्हतं. भालकीच्या कचेरीत कन्नडमधला एक कागद त्याला नीट कळला नाही, तर तिथल्या कारकुनानं तो बोटानं ओळ दाखवत मराठीत सांगितला.

या खेपेला बसवायला आलेल्या माणसांनी आधी छत मोजलं, चिरेची फरशी बदलायला लावली. प्लेटांच्या कडेनं माणूस चालत जाईल एवढी वाट सोडली. लाल तार आणि काळी तार वेगवेगळ्या पाइपांतून नेली आणि पाइपाच्या तोंडाला उंदीर शिरू नये अशी जाळी बसवली. जोडाच्या दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या घेतल्या, कारण दोन बनावटींचा जोड वरून बसला तरी आतून सैल राहतो आणि तापतो. वरच, प्लेटांच्या जवळ, तार तोडायचा खटका बसवला, आणि त्याच्यावर लाल रंगात मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलं की ऊन असेपर्यंत प्लेटांत वीज आहे. जिन्यापाशी भुकटीचं नळकांडं टांगलं.

अंगणात तीन खड्डे घेतले. एक प्लेटांच्या अर्थिंगचा, एक घरच्या बाजूचा आणि एक आभाळातल्या विजेसाठी. कोळसा आणि मीठ यांचे थर भरताना आजी जवळ उभी होती. तिनं विचारलं, “तीन कशाला?” माणूस म्हणाला, “आज्जी, तिघांचा रस्ता वेगळा पाहिजे. आभाळातली वीज घरच्या वाटेनं जायला नको.”

जेस्कॉमचे लोक तपासायला आले. त्यांनी खड्ड्यांचा रोध यंत्रानं मोजला, खटके पाडून बघितले, लाइन बंद केल्यावर इन्व्हर्टर बंद पडतं का ते बघितलं. मग दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर बसला. मग सही झाली. मग वीज सुरू झाली. काही दिवसांनी अनुदान आजीच्या खात्यावर आलं, कारण मीटर तिच्याच नावावर होता.

लाइनमन पुन्हा एकदा ताक प्यायला आला. नातवानं त्याला कागद दाखवला. त्यानं तो वाचला नाही. फक्त घराचा नंबर बघितला आणि आपल्या वहीत लिहून घेतला.

तुराट्या आता परड्याच्या कोपऱ्यात, घरापासून लांब असायच्या. वाळवण शेजाऱ्याच्या छतावर पडायचं, आणि शेजारीण हक्कानं त्यातले सांडगे उचलायची. प्लेटांखाली आजी एक काडीही राहू देत नसे. उन्हाळ्यात रोज सकाळी ती तुळशीला पाणी घालायची आणि उरलेलं पाणी तिन्ही खड्ड्यांत थोडं थोडं ओतायची, कारण माती ओली राहिली तरच अर्थिंग नीट लागतं असं तिला सांगितलं होतं.

पुढच्या पाडव्याला गल्लीच्या टोकाचा एक तरुण विचारायला आला. “आज्जी, मला पण प्लेटा बसवायच्या हायती. एक जण म्हणतोय, परवा बसवून देतो, कागद मागाहून. काय करू?”

आजीचा तांब्या तिसऱ्या खड्ड्यावर होता. तिनं तो रिता होऊ दिला. मग म्हणाली, “लेकरा, चूल विझवता येती. दिवा फुंकता येतो. हे एकदा वर चढलं की दिवसभर तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात काय हाय ते चढायच्या आधीच हाय.”

तरुण दुसऱ्या दिवशी भालकीला गेला.

आयुष्यात काही गोष्टी अशा असतात की त्या सुरू झाल्यावर त्यांना थांबवणारं बटण आपल्यापाशी उरत नाही. त्यांचा खटका सुरुवातीच्या अलीकडं असतो, आणि तो अर्ज, मोजमाप, तपासणी, सही अशा कंटाळवाण्या रूपात येतो. आपण त्याला उशीर म्हणतो. पण त्या प्रत्येक ओळीमागं कुणाचा तरी भाजलेला हात असतो, आणि पुढं चिकटून उभं असलेलं शेजाऱ्याचं छत असतं. सूर्य सगळ्यांना फुकट मिळतो. त्याला घरात घेताना जे चार दिवस थांबावं लागतं, तेवढंच त्याचं मोल.